चार जणांचं कार्ड

"कार्ड मफी, अंदर मफी." कार्ड नाही तर प्रवेश नाही, म्हणत पहारेकऱ्याने हात आडवा केला आणि विलासराव आठल्यांचा चेहरा अगदी पाहण्यासारखा झाला. बँकेतला मोठा हुद्दा, कडक इस्त्रीचा सफारी. बायको मेधा आणि लेक शुभदा यांना घेऊन ते ऐटीत बहारीनमधल्या गुदैबियाहून टॅक्सीने मुहर्रकला आले होते. मोत्यांच्या व्यापाऱ्याची जुनी हवेली दुरुस्त होऊन खुली झाली, एवढंच त्यांनी ऐकलेलं. आजचा शुक्रवार फक्त कारागिरांचा आणि त्यांच्या घरच्यांचा, हे त्यांना कोण सांगणार?

"ये मेरे घरवाले हैं," मागून कुणीतरी म्हणालं.

शुभदाने वळून पाहिलं. पांढरा सदरा, नखांत लाकडाच्या पॉलिशचा तपकिरी रंग... आणि हसू अगदी सरळ. शिवदास मेस्त्री, कुडाळचा सुतार. त्याच्या कार्डावर चार माणसांना परवानगी होती, आणि बहारीनमध्ये त्याचं स्वतःचं एकही माणूस नव्हतं.

सुताराच्या कार्डावर आत जायचं म्हणजे काय, असं पुटपुटत बाबा आत शिरले. शुभदा जिन्यावर मुद्दाम रेंगाळली.

"आम्ही तुमचे घरचे कधी झालो हो?"

"दारात."

"आणि बाहेर पडल्यावर?"

"ते... तुमच्यावर," म्हणून तो चक्क लाजला. छतावरच्या, वारा घरात ओढणाऱ्या मनोऱ्यातून गार झुळूक खाली आली आणि तिची ओढणी त्याच्या हाताला घासून गेली. दोघांनीही ती आवरायची घाई केली नाही.

वर सागवानी दार होतं. खाऱ्या हवेने अर्धं खाल्लेलं, शिवदासने सात महिने खपून पुन्हा उभं केलेलं. "जुनं कुठलं, नवं कुठलं, सांगा," तो म्हणाला. शुभदाने नक्षीवरून बोटं फिरवली. बाबांनी चष्मा लावला, वाकले, पुन्हा वाकले.

"कळत नाही बुवा," ते म्हणाले. बाबांनी असं कबूल करणं म्हणजे केवढी गोष्ट! शुभदाला अभिमानाने भरून आलं. तासाभरापूर्वी ओळखही नव्हती याची... वेडी कुठली, तिने स्वतःला दटावलं.

तेवढ्यात हवेलीचे मालक आले. म्हातारे लतीफसाहेब, मागे फोटोग्राफर. प्रत्येक कारागिराचा घरच्यांसह फोटो, त्याच्या कामासमोर.

"शिवदास, ये तेरे घरवाले?"

पहारेकऱ्याला थाप मारणं सोपं होतं. ज्यांनी विश्वासाने दार सोपवलं, त्यांच्यासमोर जीभ वळेना. "नहीं साहब. मैं झूठ बोला. घरके नहीं हैं." तो दारासमोर एकटाच जाऊन उभा राहिला. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या, मान मात्र ताठ.

शुभदाला ते बघवेना. आता गप्प राहिले तर हा माणूस हातचा गेला, एवढंच तिला कळलं.

"अभी तक नहीं हैं," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आईने पदर तोंडाला लावला. लतीफसाहेबांच्या मिशीत हसू हललं. बाबांनी लेकीकडे पाहिलं, मग दाराकडे, बराच वेळ.

"मेधा, चल," ते म्हणाले. शुभदा जागची हलली नाही. पण बाबा कॉलर सारखी करत दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. "असं काम रोज बघायला मिळत नाही. फोटो नीट यायला हवा."

"अभी तक नहीं म्हणजे... कधी?" शिवदास कुजबुजला.

"इंशाल्ला. आता समोर बघा."

तो फोटो अजून शुभदा आणि शिवदासच्या घरात आहे. तिघं समोर बघताहेत, शिवदास शुभदाकडे.