चार नंबर काढून टाकला होता

आधीच सांगतो, ही गोष्ट मी रचलेली नाही.

रचायचीच असती तर याच्यापेक्षा चांगली रचली असती. तीस वर्षं लोकांना गंडवतोय, एवढं तर मला जमतं.

आणि रात्रीचे बारा वगैरे काही नाही. रविवार होता. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. बाहेर लख्ख ऊन. आमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. आत मी एकटा, दार आतून बंद, किल्ली माझ्या खिशात.

ज्यांच्या भुताला अंधारच लागतो त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांनी या.

आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी. माणसं अकरा, खुर्च्या बारा. बारावी खुर्ची कुणाची ते सांगतो.

त्याला सगळे खिळा म्हणायचे. माझ्याच वयाचा. किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि हसण्याच्या बाबतीत महाकंजूष. खिळा हे नाव मीच ठेवलं. कारणही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही प्रोग्रॅम लिहितो ते एका तयार सांगाड्यावर. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. सांगाड्याची दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते. जुनी कामं जुन्या व्हर्जनवर चालतात, नवी नव्यावर. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवायची. चार नंबर पण आणि नऊ नंबर पण. दोन सवती एका घरात.

मग कामाला कुठलं व्हर्जन हवं ते मशीनला कळणार कसं? प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक बारकी फाईल असते. त्यात एकच आकडा. खिळा म्हणायचा, "आकडा लिहिला म्हणजे खिळा ठोकला. मग कुणाच्या बापाच्यानं हलत नाही."

माझी आवडती गंमत म्हणजे हेच आकडे बदलणं.

कुणी चहाला उठलं की जायचं, नऊचे चार करायचे, आणि आपल्या जागेवर येऊन गरीब चेहरा करून बसायचं. समोरचा दोन तास डोकं आपटतो. प्रोग्रॅम तोच, मशीन तेच, आणि सगळं लाल. आहाहा.

फक्त खिळ्यावर ही गंमत कधी चालली नाही. मी आकडा बदलायचो. तो यायचा, स्क्रीनकडे बघायचा, घसा खाकरायचा आणि आकडा परत लिहून एंटर मारायचा. त्याच्या अंगठीचा आवाज यायचा. टक. माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. सुट्टीत, घरी, झोपेतच.

कोपऱ्यातलं त्याचं मशीन तसंच राहिलं. आमच्या ऑफिसात चार नंबर फक्त त्याच्यावरच उरला होता. आणि त्या चार नंबरवर त्याने लिहिलेला एकच प्रोग्रॅम. एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या वॉर्डसाठी. बाळाचं वजन टाकायचं, औषध किती द्यायचं ते तो सांगतो. बस, एवढंच काम.

आमच्या बॉस मॅडमनी ठरवलं, हे काम नऊ नंबरवर न्यायचं. काम माझ्याकडे आलं. मी खिळ्याच्या खुर्चीत बसलो. फाईलमधला चार खोडला, नऊ लिहिला. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. पुढच्या बुधवारी हॉस्पिटलमध्ये नवीन बसवायचं ठरलं.

मंगळवारी सकाळी आलो...

आकडा चार.

मी हसलो. म्हटलं, चला, माझ्या गमतीला वारसदार मिळाला. नऊ केला.

बुधवारी सकाळी... चार.

गुरुवारी सकाळी मॅडमच माझ्या आधी मशीनपुढे उभ्या होत्या. सोबत आमची टेस्टिंगवाली वहिनी. अख्खं ऑफिस तिला वहिनी म्हणतं. कुणाची वहिनी, ते कुणालाच माहीत नाही.

आकडा चार.

"केबिनमध्ये या," मॅडम म्हणाल्या.

केबिनमध्ये मला बसायला सांगितलं नाही.

"तुमची गंमत मी सात वर्षं बघतेय. हे काम बाळांचं आहे."

"मॅडम, मी नाही केलं."

"हेच वाक्य तुम्ही माझ्या खुर्चीची चाकं काढली तेव्हा म्हणाला होतात."

चाकं मीच काढली होती.

"आणखी एकदा झालं तर तुम्ही घरी. मी दुसऱ्यांदा बोलावणार नाही."

बाहेर आलो तर वहिनी पाण्याच्या मशीनपाशी उभी.

"भाऊ, खरं सांगा. तुम्हीच ना?"

"तुझी शपथ, नाही."

"माझी कशाला घालता, स्वतःची घ्या की."

बघा. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय आणि एक माणूस ऐकायला तयार नाही. आणि नोकरी जाणार कशाने, तर जी गंमत मी केलीच नाही तिच्याने.

माझं डोकं फिरलं. कुणीतरी माझ्यावर माझाच डाव टाकतोय? ठीक आहे. बघतोच.

शनिवारी वहिनीला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. आकडा बदलत बसलोच नाही. चार नंबरच मशीनवरून काढून टाकला. फोल्डर पुसलं, कचरापेटी रिकामी केली. मग मशीनला विचारलं, तुझ्याकडे कुठली कुठली व्हर्जन्स आहेत? यादी आली. एकच ओळ. नऊ.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय, चारच नाही तर येणार कुठून," वहिनी म्हणाली.

तिच्यासमोर नेटची वायर काढली. ती वायर घरी घेऊन गेलो. तरी मन मानेना. रविवारी दुपारी जेवून सरळ ऑफिसला आलो. दार आतून लावलं आणि त्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसलो.

"हं, ये," मी मोठ्याने म्हटलं. "बसलोय मी."

तासभर काही नाही. रस्त्यावर कुणीतरी रिकाम्या बाटल्यांची पेटी उतरवत होतं. एसीची घरघर. मी यादी काढून ठेवली होती. स्क्रीनवर नऊ.

तीन वीसला एसीचा आवाज बंद पडला.

एसी चालू होता. हिरवा दिवा होता, पट्टी हलत होती, वारा अंगाला लागत होता. फक्त आवाज नव्हता... बाटल्यांचाही नाही. माझ्या घड्याळाचाही नाही.

आणि मग माझ्या उजव्या कानामागे कुणीतरी...

घसा खाकरला.

मान वळवली नाही. खोटं कशाला सांगू, वळलीच नाही. मानेचे मणके सिमेंटचे झाले होते.

टक.

स्क्रीनवरची यादी हलली. नऊच्या वर एक ओळ आली. चार. आणि तिच्यापुढे चांदणी. चांदणी म्हणजे आत्ता हेच व्हर्जन चालू आहे.

जे मशीनवर नाहीच, ते.

आता तुम्ही म्हणाल, पळालास. अजिबात नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांना पळवलंय, मी पळालो तर माझी इज्जत काय राहणार? मी कीबोर्डची वायर मशीनमधून ओढून काढली आणि कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला.

"आता मार एंटर," म्हटलं. "मार ना खिळ्या."

टक... टक, टक... टक.

कीबोर्ड माझ्या मांडीवर होता. आवाज टेबलावरून येत होता. रिकाम्या लाकडावरून. दोन बोटांनी, सावकाश. तो तसाच टाईप करायचा.

स्क्रीनवर अक्षरं उमटत होती. चाचणी सुरू झाली. एकच नोंद. वजन, सहाशे चाळीस ग्रॅम. व्हर्जन चार. मात्रा, शून्य पॉइंट दोन.

मग थोडा वेळ काही नाही...

पुन्हा घसा खाकरल्याचा आवाज. या वेळी जवळून. इतक्या जवळून की कानाला ऊब लागली.

टक.

वजन, सहाशे चाळीस ग्रॅम. व्हर्जन नऊ. मात्रा, शून्य पॉइंट तीन.

दोन ओळी. एकाखाली एक.

फोन काढला आणि फोटो घेतला. लगेच वहिनीला पाठवला. तीन वाजून एक्केचाळीस. ती वेळ तिच्या फोनमध्ये आजही आहे.

"संपलं का तुझं?" मी विचारलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

एकदम एसीची घरघर परत आली. खाली बाटल्या वाजल्या. कीबोर्ड लावून परत यादी काढली. एकच ओळ. नऊ. चाचणीच्या ओळी गायब. चार नंबरचं फोल्डर सगळीकडे शोधलं. कुठेच नाही.

सोमवारी मॅडमना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला.

"फोटो बनवता येतो."

"मला हसवायच्या गोष्टी बनवता येतात, मॅडम. हे बनवता येत नाही."

मंगळवारी अकराला बैठक. हॉस्पिटलमधल्या औषधांचं बघणाऱ्या ताई शेवटची मंजुरी द्यायला आल्या होत्या. मंजुरीच्या आधी मॅडमनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. घटनेचा अहवाल. आकडे कधी बदलले, काय बदललं, सगळं छापलेलं. खाली एक चौकट. 'हे कोणी केले' आणि पुढे रिकामी जागा.

"नाव लिहा, सही करा. एक ताकीद देते आणि विषय संपला. नाही लिहिलं तर उद्यापासून येऊ नका."

"मी केलेलं नाही."

"मग कुणी केलं?"

आता ताईंसमोर काय सांगू, मेलेल्या माणसाने?

"फोटो दाखवा ना," वहिनी हळूच म्हणाली. आणि मी दाखवायच्या आत तिने स्वतःचा फोन ताईंपुढे धरला.

ताईंनी चष्मा वर केला. बघितलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"हे सहाशे चाळीस कुठून आणलंत तुम्ही?"

"चाचणीतलंच असेल," मॅडम म्हणाल्या.

"चाचणीचे आकडे मीच दिलेत. आठशेच्या खालचा एकही दिला नव्हता. तसं बाळ आमच्याकडे दीड-दोन वर्षांत आलेलं नव्हतं." त्यांनी पुन्हा फोटोकडे बघितलं. "काल पहाटे आलं. सहाशे चाळीस ग्रॅम."

ताईंनी फोन वहिनीकडे वळवला.

"फोटो कधीचा आहे?"

"परवाचा," वहिनी म्हणाली. "रविवारचा. दुपारचा."

ताईंनी पर्समधून पेन काढलं आणि त्याच अहवालाच्या पाठीवर हाताने हिशोब मांडला. उत्तर पॉइंट दोन आणि पॉइंट तीनच्या बरोबर मधोमध पडत होतं.

"मधोमध आलं की आम्ही नेहमी खालीच धरतो. दोन. एवढ्या बाळाला तीन द्यायचं नसतं." त्यांनी पेन बंद केलं. "आमच्याकडे सध्या आहे त्या जुन्या सिस्टीमने दोनच सांगितलं. तुमची नवी बसली असती तर तिने तीन सांगितलं असतं. उद्याचं थांबवा."

नंतर दोन दिवस आम्ही नऊ नंबर उलटासुलटा करून पाहिला. खरंच होतं. मधोमध आलेला आकडा चार नंबर खाली ढकलतो, नऊ नंबर वर. आमच्या चाचण्यांत तसा एकही आकडा मधोमध पडत नव्हता, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं. चूक नीट केली. ते बाळही आता बरं आहे, ताई सांगत होत्या. वजन वाढतंय.

शुक्रवारी मॅडमनी परत केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं. तोच कागद पुढे ठेवला.

"नाव लिहा. आता ताकीद नाही. चूक तुम्ही शोधलीत असं वर कळवते. तुमचंच भलं होईल."

"मी नाही शोधली."

"अहो, मग कोणी शोधली? मंगळवारी नाव टाकायला घाबरत होतात, आज शाबासकी मिळतेय तर..."

"तेव्हाही घाबरलो नव्हतो. मी केलं असतं तर छाती पुढे काढून सांगितलं असतं. तुमच्या चाकांचं सांगितलं की नाही?"

"नाही सांगितलंत."

"बरं, आज सांगतो. चाकं मी काढली. पण इथे माझं नाव येणार नाही. दुसऱ्याचं काम आहे हे."

"कुणाचं?"

मी कागद बाजूला सारला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. नजर मात्र काचेतून कोपऱ्यातल्या मशीनकडे गेली, ती मला दिसली.

"चौकट रिकामी ठेवून फाईल बंद होत नाही," त्या म्हणाल्या.

"मग उघडी राहू द्या," म्हटलं आणि कागद उचलून बाहेर आलो.

नोकरी राहिली. खिळ्याच्या खुर्चीत मीच बसतो. मॅडमनी दुसरी जागा देऊ केली होती, मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. रोज सकाळी येतो, बॅग आपटतो, मोठ्याने म्हणतो, "आलोय मी." उत्तर येत नाही. नाही आलं तर नाही आलं.

तो कागद माझ्याच खणात आहे. कुलूप लावून. दुसरी किल्ली नाही.

पण बसायच्या आधी, रोज, खण उघडून तेवढी एक चौकट बघतो.

आज सकाळपर्यंत तरी रिकामी होती.