शह, पुन्हा शह

सगळ्यांनी मिळून बसवलं तिला त्या टेबलाशी, आणि आता म्हणे कुणालाच काही आठवत नाही!

बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी. चिमणीला नुसती बरोबरी पुरे होती, देशाच्या संघात जागा पक्की. खेळाडूंत सगळ्यांत लहान, म्हणून ती चिमणी. "हिरोगिरी नको हं," तिचे सर म्हणाले. "अर्धा गुण घे आणि गपचूप घरी चल."

"म्हणजे लढायचंच नाही?" ती फणकारली. पण बसली.

समोर करड्या स्वेटरातला माणूस. अंगाला बंद कपाटाचा वास. दुपारभर तो अवाक्षर बोलला नाही, पण खेळला असा की चिमणीच्या नाकी नऊ आले. शेवटी तिला एकच वाट दिसली. वजिरानं शह दिला की त्याचा राजा कोपऱ्यात जाई, पुन्हा शह दिला की परत येई. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी.

आली. तिनं घड्याळ थांबवून हात वर केला. "पंच, बरोबरी!"

पंच ऐकूच न आल्यासारखे शेजारून निघून गेले. घड्याळ आपोआप टिकटिकू लागलं. मागे कुणीतरी खोकलं, खुर्ची सरकली. तिनं शह दिला. राजा कोपऱ्यात. शह. राजा परत. तोच खोकला, तीच खुर्ची. ऊन फरशीच्या त्याच भेगेवर. ती उठायला गेली, तर गुडघे हलेनात...

"सर..."

दारातले सर हसले. मग पुन्हा, अगदी तस्सेच हसले.

"मोडा ना हा फेरा, ताई," तो माणूस पहिल्यांदाच बोलला, अगदी हळू. "शह आला की मला हलावंच लागतं. तुम्ही दुसरं काहीतरी खेळा..."

"मग मी हरेन."

"हो... पण हा डाव संपेल."

संघातली जागा हातची जाणार होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोकला. खुर्ची. तिनं दात-ओठ खात घोडा हलवला.

त्यानं मात केली, कधीचा कोंडलेला श्वास सोडला. "उपकार झाले," म्हणाला, आणि उठून चालू लागला.

चिमणीचे गुडघे मात्र अजूनही हलेनात. पटावर सोंगट्या पुन्हा मांडलेल्या होत्या...

हॉल रिकामा झाला. फरशी पुसणाऱ्या मावशींनी तिचे पाय चुकवून फडकं फिरवलं आणि दिवे मालवणाऱ्या पंचांना विचारलं, "स्वेटरवाला सुटला वाटतं एकदाचा? आता हिच्यासमोर कुणाला बसवणार?"