हेमचंद्राच्या रक्तातली दारू

रविवारी कोल्हापूरच्या एका जैवसंशोधन केंद्रात डॉ. शहनाज मुजावर एकटीच असे. पेशींना सुट्टी नसते. अशाच एका रविवारी दुपारी दार ढकलून केंद्राचे प्रमुख डॉ. हेमचंद्र बोंद्रे आत आले आणि मागोमाग त्यांची बायको मृणालिनी. तिचा डावा हात कोपराखाली वाकडा लोंबत होता.

जेवताना तिने बाटली बाजूला सरकवली, एवढंच निमित्त. हेमचंद्राने तीच बाटली तिच्या पाठीत घातली. ती पडल्यावर बरगडीत लाथ हाणली. हात आडवा आला, तर तो टाचेखाली मोडला. हाडाचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला होता.

"ॲम्ब्युलन्स बोलावलीय," शहनाज फोन ठेवत म्हणाली. "तुम्ही यांना इथे का आणलंत, सर?"

"गाडी येईपर्यंत माझं रक्त घे. दारू उतरायच्या आत." मग तो बायकोकडे वळला. "मिनू, तुझ्यासमोरच बघू. माझी गोळी नकली होती. चढली, म्हणून हात उठला. तो मी नव्हतो गं."

गोळी त्याच्याच शोधाची. तिच्यात मद्यभक्षी पेशी होत्या. त्या जठरात आणि आतड्यात वस्ती करत आणि दारू रक्तात शिरण्याआधीच तिचा फडशा पाडत. शहनाज यावर भांडायची, "बेताने पिणं म्हणजे काय, सर? पेल्यागणिक धोका वाढतोच. कमी तेवढं बरं, नसेल तर उत्तम." तो म्हणे, "माणूस पिणारच. आपण दारूचं विष काढून घेऊ." चाचणीत निम्म्या गोळ्या खऱ्या होत्या, निम्म्या नकली. कुणाला कोणती मिळाली हे कुणालाच सांगायचं नाही, हा नियम या शिस्तीच्या माणसाने स्वतः गोळी घेतानाही पाळला होता. त्या गोळीच्या आशेवर मृणालिनीने घर सोडायचं लांबणीवर टाकलं होतं. आशा माणसाला किती मार खायला लावते, ते तिलाच माहीत.

शहनाजने रक्त यंत्रात घातलं. पडद्यावर शून्य उमटलं.

"परत घे."

तिने दुसऱ्या हातातून घेतलं. पुन्हा शून्य.

"यंत्र बिघडलंय. तीन पेग प्यालोय मी. डोकं गरगरत होतं माझं."

"वास होता, चव होती, घशातली जळजळ होती. चढणार असं मनाने धरलं की मेंदू तेवढ्यावरच झिंगतो. हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला." शहनाजने पडद्याकडे बोट केलं. "गोळी खरी होती, सर. तुमचा शोध यशस्वी झाला."

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली, ते ऐकून हेमचंद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे फक्त आज," तो घाईने म्हणाला. "याआधी दारूच होती, मिनू. तेव्हा गोळी कुठे होती?"

मृणालिनी हसायला गेली आणि बरगडी धरून थांबली.

"इतक्या वर्षांत एकदा तरी तोंडावर मारलंस? पाठ, मांड्या, पोट. पदराखाली झाकेल तेवढंच. झिंगलेल्या माणसाला एवढं भान असतं?"

बाहेर ॲम्ब्युलन्स थांबली. तो सवयीने तिला आधार द्यायला पुढे झाला.

"तू इथेच थांब," ती म्हणाली. "शहनाज, पोलिसांनाही बोलाव. आणि ते रक्त नीट ठेव. हा शुद्धीत होता, याचा पुरावा आहे तो."

पोलिसांना फोन लावून, रक्ताच्या नळ्या सोबत घेऊन त्या दोघी गेल्यावर हेमचंद्राने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तो जराही थरथरत नव्हता.