एकाच ब्राउझरमध्ये दोघं

संगणक दुरुस्तीच्या दुकानात ती छत्री मिटत शिरली, तेव्हा काउंटरपाशी एक उंच माणूस तक्रार करत उभा होता.

"काका, माझा ब्राउझर आपोआप पिवळा होतो हो," तो अगदी काकुळतीला येऊन सांगत होता. "संध्याकाळी काळा करून ठेवतो. सकाळी उघडावा तर कावीळ झाल्यासारखा पिवळाधमक."

छत्रीचं पाणी तिच्या पावलांवर ठिबकत राहिलं. ती जागीच थांबली.

"माझा..." ती मागून हळूच म्हणाली, "माझा आपोआप काळा होतो."

तो वळला. काउंटरमागच्या काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"पिवळा कशाला लागतो तुम्हाला?" त्याने विचारलं. आवाजात थोडा राग होता, पण तिच्याकडे नीट पाहिल्यावर तो अर्ध्यातच विरघळला.

"मी कपडे धुण्याच्या मशीनच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करते. दिवसभर 'प्लग ओल्या हाताने काढू नये' असलं लिहायचं. निदान स्क्रीनच्या कडेला तरी जरा ऊन असावं, म्हणून."

"आणि अक्षरं? ती मोठी करणाऱ्या तुम्हीच का?"

"हो. का?"

त्याने एक दीर्घ श्वास घेतला. "माझं चष्म्याचं दुकान आहे. मी लोकांचे डोळे तपासतो. एका सकाळी बातम्या उघडल्या, तर अक्षरं बोटाएवढी. म्हटलं, गेले आपले डोळे. स्वतःचे स्वतः तपासले. भरवसा वाटेना, म्हणून माझ्या जुन्या सरांकडे जाऊन तपासून घेतले."

"काय निघालं?"

"डोळे ठणठणीत. सर म्हणाले, थोडे दिवस सुट्टी घे."

तिने ओठ दाबून धरले. खोकल्यासारखं केलं. छत्रीच्या मुठीकडे बघितलं... आणि मग तिला हसू आवरेचना. तो आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला.

उलगडा काकांनी केला. त्याने आपला जुना कॉम्प्युटर याच दुकानात विकला होता आणि तोच तिने घेतला होता. त्यातला ब्राउझर अजूनही त्याच्याच खात्याने चालू होता. म्हणजे खातं एक, कॉम्प्युटर दोन. इकडे काही बदललं की तिकडेही बदलणार.

"पण तुम्ही तर म्हणालात, पूर्ण पुसून दिलाय," ती म्हणाली.

"दिला की," काका दुखावल्या स्वरात म्हणाले. "आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या."

मग दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला आणि दोघांचेही चेहरे उतरले. रंगच काय, शोधलेलं सगळंच इकडून तिकडे जात होतं.

"म्हणजे ते... 'मांजर मशीनमध्ये जाऊन बसल्यास काय करावे'..." तो म्हणाला.

"ते कामाचं होतं," ती घाईने म्हणाली. "आणि 'अंडं उकडलं हे बाहेरून कसं ओळखावं' ते तुमचं? मला वाटलं आईने शोधलं. मी तिला समजावून सुद्धा सांगितलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाहीये."

त्याने मान खाली घातली. "एकटा राहतो मी."

"लॉग आउट केलं की मिटलं," काका म्हणाले. "एक बटण आहे."

"पण यांचे बुकमार्क गेले म्हणजे?" तो म्हणाला. "आधी नीट वेगळे काढायला हवेत. मी सांगेन. फोनवर. सावकाश."

"हो, सावकाशच बरं," ती म्हणाली.

"अहो, एकच बटण..." काका पुन्हा म्हणाले. पण ऐकायला होतं कोण?

बुकमार्क वेगळे काढण्याचं काम भलतंच लांबलं. रोज संध्याकाळी दुकान बंद करता करता तो फोन करायचा आणि ब्राउझर सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं. शेवटी फोन ठेवताना कोणीतरी म्हणायचं, "अरे, बुकमार्क राहिलेच की."

रंगावरून मात्र खरी जुंपली. पिवळा तिला हवा, काळा त्याला. मधला म्हणून त्याने हिरवा सुचवला, तर ती म्हणाली, हा दवाखान्याच्या भिंतीचा हिरवा आहे. तिने तो जरा उजळवला. त्याने थोडा गडद केला. असं करत करत एक रंग ठरला. त्याला नाव नव्हतं, पण दोघांनाही तो आपण जिंकल्यासारखा वाटत होता. नव्या टॅबवर त्याने समुद्राचा फोटो लावला. दुसऱ्या दिवशी तिथे गाढव उभं होतं. त्याने गाढव काढलं नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बसलं की ते गाढव आपल्याकडे बघून हसतं, असं त्याचं म्हणणं होतं.

एकदा बोलता बोलता ती म्हणाली की काम करून मान आखडते. सकाळी बघते तर बुकमार्कच्या पट्टीवर मानेच्या व्यायामाचं पान, आणि त्याला नाव दिलेलं — 'आत्ता उठा'. तिने त्याच्या शेजारी अंडी उकडण्याचं पान ठेवलं आणि नाव दिलं — 'आत्ता उतरवा'.

आई सगळं बघत होती. दुपारी ती कामातून उठली की आई कॉम्प्युटरसमोर बसून विणकामाचे नमुने शोधायची. आता विणकामात तिचं लक्ष लागत नव्हतं.

"तो चष्मेवाला रोज काय शिकवतो गं तुला?"

"ब्राउझर."

"एवढा अवघड असतो?"

"फार," असं म्हणून ती दुसरीकडे बघायची.

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ स्क्रीनसमोर बसून राहिली. मग शोधायच्या चौकटीत तिने एक ओळ लिहिली. वाचली. कान गरम झाले. एकेक अक्षर खोडत तिने सगळी ओळ पुसली आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला.

सकाळी उघडला, तर ब्राउझर पांढराफटक. रंग नाही, गाढव नाही, पट्टी नाही. मधोमध फक्त एक कोरडी सूचना — खात्यात प्रवेश करा.

त्याने तिला बाहेर काढलं होतं.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला... नाही. आणि मग तिच्या मनात आलं... पुसलेली अक्षरंसुद्धा तिकडे दिसत असतील का? त्याने वाचलं असेल? आणि वाचून घाबरला असेल?

दुपारपर्यंत तिने त्याच त्या परिच्छेदाचं भाषांतर पुन्हा पुन्हा केलं. शेवटी उठली, पायात चपला सरकवल्या आणि थेट त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. तो आतून बाहेर आला, तिला बघून गडबडला आणि तोंडाला येईल ते बोलून गेला — "या, आत या. आजी, यांचा नंबर आधी आहे."

"माझ्यानंतर आल्या की त्या," आजी म्हणाल्या. पण तोवर दार लोटलं गेलं होतं.

आत अंधूक उजेड होता. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि काय करावं न सुचून डोळे तपासायची जड, गोल भिंगांची फ्रेम तिच्या नाकावर चढवली. त्याची बोटं तिच्या कानामागे किंचित टेकली, लगेच दूर झाली.

"हे स्पष्ट दिसतं, की... हे?"

"मला बाहेर का काढलंत?"

त्याच्या हातातलं भिंग तसंच राहिलं.

"सकाळी ब्राउझर उघडला," तो म्हणाला, "तर कालचं शोधलेलं समोर आलं. 'डोळे तपासणाऱ्यांचा स्वभाव कसा असतो.' त्याच्यावर, 'डोळे तपासणारे घरात मदत करतात का.' आणि सगळ्यात वर, 'मुलगी प्रेमात पडली आहे हे कसं ओळखावं.'"

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. "आई."

"ते कळलं. मध्ये मध्ये मोज्यांचे नमुने होते."

"मग रागावलात?"

"रागावलो? मी ते शेवटचं पान उघडून वाचत बसलो. उगीच हसते, फोनजवळ घुटमळते... एकेक लक्षण जुळवून बघत होतो. आणि एकदम माझीच मला लाज वाटली. तुमच्या खिडकीला डोळा लावून बसल्यासारखं वाटलं." तो थांबला. "मला तुम्हाला एक विचारायचंय. पण उत्तर आधी चोरून बघून नाही विचारायचं. म्हणून बंद केलं."

"आणि फोन?"

"काय बोलायचं ते ठरत नव्हतं. अजूनही ठरलेलं नाही." त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. "म्हणजे... ब्राउझरचं काम तर संपलं. आता फोन करायला काही कारणच नाही. तरी केला तर चालेल? आयुष्यभर...? म्हणजे रोज, असं म्हणायचं होतं मला."

जाड भिंगांतून तिला त्याचा चेहरा नुसता विरघळलेला, गोल गोल दिसत होता, आणि तसा बघायला तिला धीर येत होता.

"मीही काल एक ओळ लिहिली होती," ती म्हणाली. "मग पुसली. ती दिसली का तुम्हाला?"

"पुसलेलं नाही दिसत."

"हे आधी सांगायचं ना. मी सकाळपासून मरतेय." तिने नाकावरची फ्रेम सावरली. "मग आता मलाच सांगावी लागणार."

"हो," तो अगदी हळू म्हणाला. "लागणार."

"लिहिलं होतं... रोज फोन करणारा माणूस फार आवडायला लागला, तर त्याला कसं सांगावं."

बाहेरून आजींचा आवाज आला. "काय हो, त्या मुलीचे डोळे फारच गेलेत का?"

"नाही आजी... झालंच," तो म्हणाला, पण त्याचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

तिने स्वतःच फ्रेम काढून त्याच्या हातात ठेवली. आता तो स्वच्छ दिसत होता — केस विस्कटलेले, कानाच्या पाळ्या लाल.

"दुकान कधी बंद करतोस तू?" तिने विचारलं.

ते 'तू' त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला.

"आजींचं झालं की लगेच," तो म्हणाला. "तुम्ही थांबाल... तू थांबशील?"

"थांबते."

ती बाहेर बाकावर येऊन बसली. आजी तिच्याकडे निरखून बघत आत गेल्या. दार अर्धवट उघडंच राहिलं होतं.

"हे स्पष्ट दिसतं, की हे?" त्याने विचारलेलं तिला ऐकू आलं.

"अरे बाबा," आजी शांतपणे म्हणाल्या, "तू अजून काच लावलीच नाहीस."