गुरुवारचा गणिताचा तास

"तीन नंबरचा माऊस बघा आधी," ती दारात दिसताच सर म्हणाले. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी समजले होते ते तिला! ती निमूट टेबलाखाली शिरली, निसटलेली वायर खोचली आणि गुडघे झटकत बाहेर आली.

"चालतोय माऊस. पण मी दुरुस्तीवाली नाही... तुमच्या मुलांच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमधले इशारे मी लिहिते."

सर कानापर्यंत लाल झाले. सातवीचा अख्खा वर्ग खिदळला.

गणित अडलं की मुलांनी 'इशारा' हे बटण दाबायचं. मग पडद्यावर उमटायची ती तिची वाक्यं. त्यांचा उपयोग होतो का, हे पाहायला कंपनीने तिला सहा गुरुवार या शाळेत पाठवलं होतं. मागच्या बाकावरून तिने पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. मुलं टकटक तीनदा बटण दाबत होती. तिसऱ्या इशाऱ्यात उत्तरच होतं ना! वाचत कोणीच नव्हतं.

"इतकी मेहनत केली होती मी," तास संपल्यावर ती पुटपुटली.

"माहीत आहे," सर म्हणाले. "सगळे इशारे वाचलेत मी."

"सगळे?"

"चारशे बारा. छान लिहिता. पण... फार लवकर सांगून टाकता."

"आणि तुम्ही काहीच सांगत नाही वाटतं?"

"मला वेळ लागतो," सर हसले. हसताना त्यांच्या डाव्या गालाला खळी पडते, हे तिने उगाचच टिपून ठेवलं.

पुढच्या आठवड्यापासून दोघं कामाला लागले. तिसऱ्या इशाऱ्यातलं उत्तर काढून तिथे प्रश्न घातला: अर्धा कागद मोठा की पाव? घडी घालून बघ. तास सुटल्यावर दोघं स्वतःच घड्या घालून बघत बसायचे. एकदा एकाच कागदावर दोघांची बोटं आली.

"सॉरी—"

"नाही, नाही... तुमचीच घडी बरोबर आहे."

पाचव्या गुरुवारी, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी बटण न दाबताच ओरडली, "आलं! पाऊण!" दोघांनी आनंदाने एकमेकांकडे पाहिलं... आणि बघतच राहिले.

आता अहवाल लिहायचा होता. जुने इशारे कुचकामी आहेत असं लिहिलं, तर ऑफिसात बसून सगळे नव्याने लिहावे लागणार, या शाळेत येणं बंद होणार. गोलमोल लिहिलं, तर पाहणीसाठी इथे आणखी दोन महिने मिळणार. दोन दिवस तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटी तिने खरं तेच लिहिलं.

"बरं केलंत," सहाव्या गुरुवारी अहवाल वाचून सर म्हणाले आणि फळा पुसत राहिले.

"फळा कोराच आहे, सर."

"हो का... रविवारी काय करता?"

"झोपते. दहापर्यंत."

"साडेदहाला घरी आलो तर?"

"आई विचारेल, कोण म्हणून."

"मग काय सांगाल?"

"तुम्हीच सांगा!"

ते सव्वादहालाच आले. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती बाहेर येते, तो सर आईसमोर खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेले.

"काकू, मला तुमची मुलगी फार आवडते. तिला मी आवडतो का, ते अजून विचारलेलं नाही—"

"मग विचारा की! ती काय, मागेच उभी आहे," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सर गडबडून उभे राहिले. "म्हणजे... मी काय म्हणत होतो—"

"हो," ती म्हणाली. "हो, हो! बसा आता, चहा येतोय."