तांबडमाळावरचे डेंगळे

डॉ. नलावडे यांनी ओल्या कापडाची घडी उलगडली आणि दिव्याखाली धरली. आतल्या काळ्या दाण्यांपैकी एकालाही मोड आला नव्हता.

"संपलं," ते म्हणाले. "कांद्याचं बी लवकर म्हातारं होतं. पृथ्वीवरून आणलं, जपून ठेवलं आणि जपता जपता मेलं."

मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीत नलावडे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या वेणूताई ढोमसे हवा-अभियंता. वसाहतीतली हवा शुद्ध ठेवणं हे त्यांचं काम. आयुष्यात त्यांनी कुंडीत तुळससुद्धा लावली नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. स्वयंपाकघरात कांदा परतला की माणसं आपापल्या खोल्यांतून बाहेर येत आणि एकत्र जेवत. एरवी ताटं खोल्यांत जात आणि रिकामी परत येत. पुढचं यान यायला कित्येक वर्षं होती.

"शेवटच्या पिकाचे कांदे आहेत ना? तेच लावू," वेणूताई म्हणाल्या. "फुलतील, बी देतील."

"फुलणार नाहीत. इतक्या वर्षांत आपल्याकडे एक तरी डेंगळा पाहिलात?"

"डेंगळा म्हणजे?"

"कांद्यातून फुलाचा दांडा निघतो तो. तो आला की कांद्यातला कस सगळा फुलाकडे जातो, कांदा खायच्या कामाचा राहत नाही. पिकात डेंगळे दिसले की शेतकरी कपाळाला हात लावतो. म्हणून आम्ही इथे आधीच बंदोबस्त केला. बारा महिने एकसारखी ऊब."

"म्हणजे डेंगळा थंडीनं येतो?"

"दोन-अडीच महिने आठ-दहा अंशांची थंडी सोसली की कंदाच्या गाभ्यात बदल होतो. मी त्याला शीतखूण म्हणतो. हिवाळा झाला, आता फुलायला हरकत नाही, अशी ती खूण. मध्येच जोराची ऊब लागली तर ती पुसली जाते. पुन्हा पहिल्यापासून."

"बाहेर तर हिवाळाच चालू आहे."

"बाहेर उणे ऐंशी आहे, वेणूताई. तिथे कांद्याचा दगड होईल. बाहेर मरण, आत उन्हाळा. मधलं काही आपण बांधलंच नाही. शीतकपाट एकच, ते औषधांनी भरलेलं."

वेणूताईंनी क्षणभर विचार केला. "माझ्या खोलीची ऊब माझ्याच हातात आहे. मी ती बंद करते."

"आणि झोपणार कुठे?"

"तिथेच. कांदे झोपतील तशी."

वसाहतीच्या मंडळानं ऐकून घेतलं आणि मुदत दिली. वर्धापनदिनापर्यंत कांद्याला कळी दिसली नाही, तर कांद्याचं दालन सोयाबीनला जाणार.

स्वयंपाकघराचे प्रमुख हमीदभाई तांबोळी यांनी कांदे दिले, पण निवडून. चिंगळी, म्हणजे सुपारीपेक्षा जरा मोठे बारके कांदे, तेवढी वेणूताईंच्या ओटीत घातली.

"मोठे नाहीत का?" वेणूताईंनी विचारलं.

"मोठे वर्धापनदिनाच्या भज्यांना. मातीत पुरायला चिंगळी काय वाईट?"

वेणूताईंना ते पटलं. चांगलं ते ताटात आणि बारीकसारीक ते मातीत, असंच त्यांनी घरी पाहिलं होतं. त्यांनी चिंगळी कुंड्यांत लावली, वर छोटा दिवा टांगला आणि ऊब बंद केली. शेजारच्या खोल्यांच्या उबेमुळे खोली आठ-दहा अंशांवर येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी हमीदभाई एक बंद पेटी घेऊन आले.

"ताई, ही खाटेखाली राहू द्या. जुनी भांडी आहेत. उघडू नका, गंजतील."

त्या हिवाळ्यात वेणूताई दोन स्वेटर घालून, कानटोपी ओढून झोपल्या. सकाळी बोटं वळत नसत. शेजारी म्हणत, "काय ढोमसेबाई, कांदे रजई मागतात का?" त्या म्हणत, "कांदे नाही मागत, मीच मागते. आणून द्या." रजया आल्या, पण खोलीत पाय ठेवायला कुणी धजावलं नाही. एकदा त्यांना ताप चढला, तेव्हा नलावडे दारातून ओरडले, "आजच्या दिवस तरी ऊब लावा!"

"खूण पुसेल."

"पुसू दे!"

"डॉक्टर, दार लावा. गरम हवा आत येते आहे."

अडीच महिने झाले. चिंगळीला हिरवीगार पात आली, गुडघाभर वाढली. दांडा मात्र एकाही कुंडीत नव्हता. वर्धापनदिनाच्या सकाळी नलावडेंनी एक रोप उपटलं आणि खालचा कंद बोटांत धरून पाहिला.

"एवढासाच लावला होतात?"

"सगळे एवढेच होते."

नलावडे खाली बसले. "चूक माझी आहे. मी गृहीत धरलं. लहान कंदाला शीतखूण उमटत नाही हो. फुलाला पुरेल एवढा साठा अंगात असेल, तरच तो थंडी मोजतो. ही लेकरं आहेत. त्यांनी थंडी नुसती सोसली."

एवढ्यात हमीदभाई आले आणि खाली वाकून खाटेखालची पेटी ओढू लागले.

"भांडी आत्ता कशाला?" वेणूताईंनी विचारलं.

हमीदभाई ओशाळले. "भांडी कसली, ताई. मोठे कांदे आहेत. कोठारातून रोज एक-दोन पळवत होते लोक. म्हटलं, या बर्फाच्या खोलीत कुणी मरायला येणार नाही."

वेणूताई आणि नलावडे यांनी एकमेकांकडे पाहिलं.

हमीदभाईंनी पेटी उघडली आणि शिवी हासडली. प्रत्येक कांद्याला कोंब आला होता. "भज्यांचं वाटोळं झालं!" म्हणत त्यांनी कमरेची सुरी काढली आणि एक कांदा उभा चिरला.

"थांबा!" नलावडेंनी ते अर्धुक हिसकावून दिव्याखाली धरलं. कोंबाच्या मधोमध, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली, तांदळाएवढी फिकट कळी होती.

"डेंगळा," वेणूताई म्हणाल्या.

हमीदभाईंनी दुसऱ्या कांद्याला सुरी लावली होती. ती त्यांनी हळूच बाजूला घेतली. "बाहेर सगळी वसाहत बसली आहे. त्यांना काय सांगू? कांदे फुलायला निघालेत, तुम्ही वरण-भात खा?"

वेणूताईंनी खोलीभर पाहिलं, हमीदभाईंच्या हातातली सुरी घेतली आणि पहिल्या कुंडीतली पात मुठीत धरून मुळापासून कापली. मग दुसऱ्या कुंडीतली.

"पातीची भजी करा. वर्षभर पुरेल एवढी जोपासली आहे मी."

"आणि हे मोठे कांदे?"

"आजच लावायचे. थंडीतच," नलावडे म्हणाले. "आणि इथून पुढे दर वर्षी सगळ्यांत मोठे कांदे वेगळे काढायचे. चिंगळी खायची."

"म्हणजे उलटंच!" हमीदभाईंनी सुरी परत घेऊन म्यान केली, पातीचा भारा खांद्यावर घेतला आणि दारात थांबले. "ताई, मग पुढच्या हिवाळ्यातही तुम्ही कुडकुडत बसणार?"

"मी कशाला?" वेणूताई कानटोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवत म्हणाल्या. "पुढचा हिवाळा तुमच्या खोलीत."