ओसरीवरची रिकामी भांडी

त्र्यंबकरावांची दाढी अर्धीच झाली होती, तोच ती बाई दारात येऊन उभी राहिली. अंगावर गडद लुगडं, गळ्यात क्रूस, पायांवर घोडबंदरच्या रस्त्याची धूळ.

"माज्या गायीला इख घातलाय," ती म्हणाली. "मानूस धरलाय. पन हवालदार बोलतो, पुरावा पायजे."

त्र्यंबकराव पूर्वी पोलिसात होते. आता ठाण्यातल्या लोकांच्या भानगडी खासगीत सोडवत. शाळामास्तर हरिहरपंत त्यांच्या सोबतीला असत. उलगडलेली गोष्ट कुणाला तरी समजावून सांगण्यात त्र्यंबकरावांना भारी गोडी, आणि पंतांना समजायला वेळ लागे. दोघांचं छान जमे.

बाईंचं नाव विनिफ्रेड. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घरात बोलायला होती ती चांदी, म्हणजे गाय. काल सकाळी ती व्याली होती आणि आज उठत नव्हती.

गावात पोचले तेव्हा अंगणात अख्खा गाव जमला होता. मधोमध हवालदार, आणि हात बांधलेला गवतवाला काळुराम.

चांदी गोठ्यात बसली होती. मान वळवून बरगडीवर टेकवलेली, अंगावर गोणपाट. त्र्यंबकरावांनी तिचे कान चाचपले. गार. नाक कोरडं. तोंडाला फेस नाही, मागे शेण नाही. डाव्या कोपरामागे छातीला कान लावून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"काय?" पंतांनी विचारलं.

"काळीज फार भरभर चाललंय, पण ऐकू येईल न येईल असं. विझत चाललंय."

वासरू आईच्या सडाला ढुशा देत हंबरत होतं. कास लुळी पडली होती. बाहेर कुणाची तरी शेळी चांदीचं कालचं उरलेलं गवत खुशाल चघळत होती. ओसरीवर पितळी भांडी ओळीनं पालथी घातली होती.

"एवढी भांडी?" पंत म्हणाले.

"खरवसाला चीक धाडलेला," बाई म्हणाल्या. "सगल्या घरी. चांदीचा चीक लय निघाला. लोकांनी पोरांच्या हाती भांडी परत धाडली."

त्र्यंबकरावांनी भांडी उलटी करून पाहिली. एकातही साखरेचा दाणा नव्हता.

तेवढ्यात गोठ्यात चांदीनं एक लांब श्वास सोडला. पुढचा आलाच नाही.

पहिला सवाल दिराला, पर्सीला. गाय त्यानं विकत मागितली होती आणि वहिनीनं दिली नव्हती.

"मागितली होती. मेलेली गाय घेऊन मी काय करू? या घरात मी पाय ठेवत नाय."

"चीक?"

"तो आलेला. खाल्ला."

मग काळुराम.

"पहाटे गोठ्यात काय करत होतास?"

"रोजच येतो, साहेब. भारा टाकतो, घटकाभर बसतो. मावशी बोलत्यात, मी ऐकतो. आज चांदीचे कान गार लागले, म्हून गोनपाट टाकला. लोक बोलले, इख लपवतो."

पंत कानाशी लागले. "हाच. गवतातून घातलं."

"तेच गवत शेळी खातेय, पंत. आणि सोमलासारखं विष पोटात गेलेलं जनावर पोटदुखीनं तडफडतं, त्याला हगवण लागते. अशी मी पुष्कळ पाहिलीत. ही तर निजल्यासारखी गेली." मग ते बाईंकडे वळले. "आपण आत बोलू."

"नको. सगल्यांसमोर बोला."

उलगडा करण्याची गोडी आज त्र्यंबकरावांच्या तोंडावर नव्हती.

"विष कुणीच घातलेलं नाही. दुभती, सशक्त गाय व्याली की कधी कधी अशी बसते. अंग गार पडतं, पाय जातात, शेवटी काळीज थकतं. का, ते डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही. पण परळचे गुरांचे डॉक्टर एक सांगतात : पहिले काही दिवस कास पुरती रिकामी करू नये. वासराला पाजावं, थोडं काढावं. इथे वासरू उपाशी आहे आणि चीक गावभर गेलाय."



"थोडा ठेवला असता तर जगली असती?" बाईंनी विचारलं.

"कदाचित."

"घरं लय हायेत, साहेब. कुनाला वगळू? मना वाटला, कोनतरी सोता भांडा द्यायला येल. बसेल जरा."

भांडं परत करताना त्यात चिमूटभर साखर घालायची रीत गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पर्सी जमिनीकडे बघत राहिला. पंतांना या वेळी काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

"त्याला सोडा," बाई हवालदाराला म्हणाल्या. "रोज येनारा तो एकटाच. म्हून नाव त्याचाच आठवला मना."

दोरी सुटली. माणसं एकेक करून निघाली. सगळ्यांत शेवटी पर्सी गेला. आता काळुरामही जाणार, आणि उद्यापासून येणार नाही, हे बाईंना कळत होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

काळुराम मनगटं चोळत गोठ्याच्या दारात उभा होता.

"मावशी," तो म्हणाला, "कुदल हाय का घरात?"